मदत हवी आहे: लेकीच्या सिनियर पोर्ट्रेटला काय घालावं, काय काढून ठेवावं?

मंडळी,

आम्ही टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. लेक ऑगस्टमध्ये बारावीत जाईल. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांना इथे सिनियर म्हणतात, आणि त्यांच्या फोटोंचं केवढं प्रस्थ असतं ते मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. माझा बारावीचा फोटो म्हणजे हॉल तिकिटावरचा. सांगलीत एका स्टुडिओत पाच मिनिटांत काढलेला. त्यात मी पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते.

इथे फोटो दोनदा काढायचे आहेत. एक इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक फोटोपुस्तकासाठी, शाळेने ठरवून दिलेल्या स्टुडिओत. तिथे मुलींच्या खांद्यांवर काळं मखमली कापड लपेटतात, त्याला ड्रेप म्हणतात. मुलग्यांना सूटचा वरचा भाग चढवतात. सगळ्यांचे फोटो सारखे, छातीपासून वर. दुसरे बाहेरचे, आपण ठरवलेल्या फोटोग्राफरकडून, साधारण दीड तास, दोन पोशाख. ते ग्रॅज्युएशनच्या कार्डांवर आणि आजी-आजोबांच्या भिंतीवर जाणार.

खरी अडचण पुढे आहे. सासूबाईंनी कोल्हापूरहून त्यांची ठुशी पाठवली आहे, त्यांच्या लग्नातली. बरोबर मोत्यांच्या कुड्या, नथ आणि चार पाटल्या. "फोटोत गळा मोकळा दिसू देऊ नकोस गं" हा निरोप तीनदा आला. लेकीचं म्हणणं, "आई, इट्स नॉट अ वेडिंग." तिला स्मार्टवॉच, बँडचं लेटर जॅकेट (शाळेचं अक्षर शिवलेलं) आणि क्लॅरिनेट हवं आहे. ती शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये वाजवते. चष्माही आहे. आता एका पोरीच्या अंगावर एवढं सगळं चढवलं तर फोटो तिचा निघेल की जत्रेतल्या दुकानाचा? पण सासूबाईंचं मन मोडवत नाही, आणि खरं सांगायचं तर ठुशी मलाही फार आवडते.

जाणकारांनी सांगावं.

– कुंदकळी

———

चकलीवाली: आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी हेच झालं, न्यू जर्सीत. मुलगा असल्याने दागिन्यांचा प्रश्न नव्हता, पण भांडण टायवरून झालंच. आधी शाळेचे नियम बघा. इयरबुकच्या फोटोत टोपी नको, हातात वस्तू नको, असं बहुतेक ठिकाणी असतं. काही शाळा गळ्यात काय चालेल तेही सांगतात. हे न वाचता सासूबाईंना शब्द देऊ नका.

आणखी एक. ड्रेपच्या आत पट्ट्या नसलेला टॉप घालून पाठवा. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या भाचीच्या खांद्यावर फोटोत गुलाबी पट्टी डोकावते आहे. कायमची.

———

उजेडवेडा: हौशी फोटोग्राफर आहे, ओळखीतल्या मुलांचे असे फोटो काढून देतो. जरा लांबण लागेल.

इयरबुकच्या फोटोत दिसतं काय? चेहरा, कान, गळा. छापून येतो तेव्हा तो मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो. म्हणजे पाटल्या दिसणारच नाहीत, ठुशीचे मणीही त्या आकारात एक पिवळी रेघ होतात. कुड्या मात्र छान दिसतात. मोती उजेड पसरवतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळ्यात घुसत नाही. पॉलिश केलेलं सोनं उलट फ्लॅशला पांढरा ठिपका मारतं आणि बघणाऱ्याची नजर चेहरा सोडून तिकडे जाते. काळ्या मखमलीवर तर जास्तच. तेव्हा स्टुडिओत कुड्या आणि बाकी काही नाही, हे माझं मत.

ठुशी बाहेरच्या फोटोंसाठी ठेवा. तिची गंमत ही की ती दोरीने आवळून गळ्याशी बसवता येते, लोंबत नाही, त्यामुळे मुलगी हलली-हसली तरी जागची हलत नाही. लांब हार फोटोत सतत तिरपे होतात. पण ठुशीखाली कपडा साधा हवा. एकरंगी, रुंद गळ्याचा, जर नको, नक्षी नको. कॉलरच्या शर्टाखाली ती अर्धी लपते आणि मग गळ्याला काहीतरी अडकल्यासारखं दिसतं. बारीक रेघांचा किंवा चौकडीचा कपडाही टाळा, डिजिटल फोटोत त्यावर लाटा उठतात.

चष्म्याबद्दल. रोज लावत असेल तर फोटोतही हवाच, नाहीतर दहा वर्षांनी ती स्वतःला ओळखणार नाही. पण काच उन्हात काळी होणारी असेल तर बाहेरच्या प्रत्येक फोटोत गॉगल लावल्यासारखी दिसेल आणि डोळे जातील. तशी असेल तर जुनी साधी काच असलेला चष्मा शोधा, किंवा चष्मेवाल्याकडे नुसती रिकामी फ्रेम मागा. प्रतिबिंब येत असेल तर दांड्या कानावरून अगदी किंचित वर उचलायच्या, काच खाली झुकते आणि चकाकी जाते.

स्मार्टवॉच शूटच्या दिवशी काढून भागत नाही. टेक्सासच्या उन्हात मनगटावर पांढरा पट्टा उमटलेला असतो. दोन आठवडे आधीपासून काढून ठेवायला सांगा. (ऐकणार नाही, तरी सांगा.)

———

कुंदकळी: उजेडवेडा, काच काळी होणारीच आहे! हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. चकलीवाली, नियम आत्ता शोधून वाचले. गळ्यात "साधा" दागिना चालेल एवढंच लिहिलंय. ठुशी साधी की नाही यावर सासूबाई आणि शाळा यांचं एकमत होईल असं वाटत नाही, तेव्हा स्टुडिओत कुड्याच.

क्लॅरिनेट आणि जॅकेटचं काय करू?

———

शेंगदाणा: मी मागच्या वर्षीच पास आउट झालो, ह्यूस्टनजवळची शाळा, बँडमध्ये ट्रम्पेट. ताई, क्लॅरिनेट नक्की घेऊ द्या. एवढी वर्षं ऑगस्टच्या उन्हात पार्किंग लॉटमध्ये कवायत केलीय तिने, ते फोटोत यायलाच हवं. पण लाकडी असेल तर ते नेऊ नका. गरम गाडीत किंवा उन्हात लाकूड तडकतं. मार्चिंगसाठी प्लॅस्टिकचं असतं ना, तेच न्या, फोटोत फरक कळत नाही. चंदेरी कळांवर बोटांचे ठसे दिसतात, एक मऊ फडकं खिशात असू दे. आणि नखं! वाद्य धरलं की सगळं लक्ष बोटांवर जातं. अर्धवट उडालेलं नेलपॉलिश असेल तर पूर्ण काढा.

लेटर जॅकेट म्हणजे लोकरी अंग आणि चामड्याच्या बाह्या. आमच्याकडे जुलैत ३८ अंश असतं. ते शेवटच्या दहा मिनिटांत घालायचं, किंवा नुसतं खांद्यावर टाकायचं. घातलं तर आत ठुशी नको, जॅकेटवर आधीच अक्षर, पट्ट्या, नाव असं बरंच काही शिवलेलं असतं.

क्लास रिंग (शाळेची आठवण म्हणून घेतात ती अंगठी) घेतली असेल तर आमच्याकडे ग्रॅज्युएशनपर्यंत तिची अक्षरं आपल्याकडे तोंड करून घालतात, मग उलटी फिरवतात. फोटोत चुकीची घातली की बँडमधली पोरं वर्षभर चिडवतात. चंदेरी आकड्यांचे फुगे मात्र आणू नका, प्लीज. वाऱ्यात भिरभिरतात, फोटोग्राफरचं प्रतिबिंब त्यात दिसतं, आणि सगळ्यांकडे तेच असतात.

———

सदाशिवपेठी: तुम्ही सगळे नथ विसरलात. इतकी सुंदर वस्तू आणि कुणी बोलायला तयार नाही?

———

उजेडवेडा: @सदाशिवपेठी, विसरलो नाही, घाबरलो. नथ डाव्या नाकपुडीत, म्हणजे चेहऱ्याची डावी बाजू कॅमेऱ्याकडे हवी. उजवीकडून काढला तर नुसतं नाकाशी काहीतरी चमकतं. शिवाय मोठी नथ ओठावर सावली टाकते आणि हसू झाकते. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घामाने घसरते. घालायचीच असेल तर एका पोझपुरती, सावलीत, आणि मुलीला स्वतःला हवी असेल तरच. नको असताना घातलेला दागिना चेहऱ्यावर आधी दिसतो.

पाटल्यांचंही तसंच. हात गालाशी नेला की घसरून कोपराकडे जातात. एका हातात एक पुरे.

———

चकलीवाली: गजऱ्याचा विचार असेल तर तो शेवटच्या क्षणी माळा. या उन्हात तासाभरात कडा तपकिरी पडतात. पायांत काय? पूर्ण उभा फोटो असेल तर कोल्हापुरीच घालू द्या, सासूबाई तिथल्याच आहेत. २०१९ पासून तिला जीआय मानांकनही (म्हणजे वस्तू मूळची तिथलीच अशी सरकारी नोंद) आहे, एवढं सांगितलंत तर लेक गुगल करून बघेल आणि मग स्वतःहून घालेल. माझ्यावर हा प्रयोग यशस्वी झालेला आहे. फक्त नवी कोरी नको, आठवडाभर घरात वापरा, नाहीतर प्रत्येक फोटोत पाय चावल्याचा चेहरा.

———

कुंदकळी: मंडळी, उशिरा लिहितेय, पण झालं एकदाचं.

स्टुडिओत कुड्या आणि जुना चष्मा. दहा मिनिटांत बाहेर. बाहेरचं शूट सूर्यास्ताच्या तासभर आधी ठरवलं, तरी घाम होताच. आधी बाटलीच्या हिरव्या रंगाचा साधा सुती ड्रेस, ठुशी, एका हातात एक पाटली, पायांत कोल्हापुरी. नथ मी पर्समध्ये नेली होती, विचारलं, "नको" म्हणाली, विषय संपला. मग काळा टॉप, जॅकेट खांद्यावर, हातात प्लॅस्टिकचं क्लॅरिनेट. ठुशी काढायला गेले तर म्हणाली, राहू दे, टोचत नाहीये. मग जॅकेटवाल्या चार फोटोंतही ती आहे. शेंगदाणा, तू म्हणालास ते खरं होतं, गर्दी होते, पण ते चार तिनेच निवडले.

घड्याळ दोन आठवडे आधी काढलं नाहीच. पट्टा पाटलीने झाकला. सगळ्यात चांगल्या फोटोत दुसऱ्या मनगटावर केसांचं काळं रबर आहे, जे आम्हा तिघांपैकी कुणालाच त्या वेळी दिसलं नाही. फोटोग्राफर म्हणाली, पुसून देते. लेक म्हणाली, असू दे, ते रोजच असतं.

सासूबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवले. बराच वेळ दोन निळ्या रेघा, उत्तर नाही. मग फोन. मला वाटलं आता ड्रेसवर बोलणार. त्या म्हणाल्या, "मागचा फोटो मोठा करून बघितला. दोरीचा गोंडा पार विटलाय की गं. ग्रॅज्युएशनच्या आधी बदलून घे."

तर आता पुढचा प्रश्न: डॅलसच्या आसपास ठुशीची दोरी ओवून देणारं कुणी माहीत आहे का? की डिसेंबरमध्ये कोल्हापूरलाच न्यावी?