कोरियाची ताटातूट: सामान्य माणसांच्या हातात काय आहे?

वैनगंगा
दक्षिण कोरियात 'नाकजी' मागितलं की छोटा ऑक्टोपस मिळतो, उत्तरेत त्याच शब्दाला माकूल. एकच भाषा, पण १९४५ पासून वेगळी वाढलेली. १९८९ मध्ये दक्षिणेतले पाद्री मून इक-ह्वान सरकारला न जुमानता प्योंगयांगला गेले आणि दोन्हीकडच्यांनी मिळून एकच शब्दकोश करावा असं त्यांनी उत्तरेचे तेव्हाचे सर्वेसर्वा किम इल-सुंगना सुचवलं. परत आल्यावर तुरुंगात गेले. २००५ मध्ये मात्र दोन्हीकडचे भाषातज्ज्ञ खरंच त्या कोशाला बसले. सरकारं तोंड फिरवतात तेव्हा दार किलकिलं ठेवणारी माणसं हीच. त्यांना मोकळीक द्यायलाच हवी.

कातळकडा
साफ असहमत. नागरी समाज दोन्हीकडे लागतो, एका हाताने टाळी वाजत नाही. उत्तरेत पक्षाच्या मुठीबाहेर एकही संघटना नाही. मून ज्यांच्याशी बोलले ते सत्तेचेच लोक. उत्तरेतल्या कैद्यांच्या छावण्यांत खितपत पडलेल्यांच्या पदरात काय पडलं?

वैनगंगा
युजीन बेल फाउंडेशन या मदतसंस्थेने वर्षानुवर्षं उत्तरेतल्या क्षयरोग्यांवर उपचार केले, साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरसुद्धा. त्या रोग्यांच्या पदरात जीव पडला, कातळकडा.

कातळकडा
औषधाला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. पण दक्षिणेतलाच नागरी समाज बघा. उत्तरेतून पळून आलेले लोक फुग्यांना किम राजवटीविरुद्धची पत्रकं बांधून सीमेपार सोडतात, आणि उत्तरेने तोफ डागली तर आपलंच गाव सापडेल म्हणून सीमेलगतचे गावकरी त्यांना अडवतात. २०२० मध्ये पत्रकांवर बंदी घालणारा कायदा झाला, २०२३ मध्ये घटना न्यायालयाने तो रद्द केला. मी पत्रकवाल्यांच्या बाजूने आहे. तिथला अंधार त्यांनी भोगलाय.

भुईबावडा
आणि गावकऱ्यांनी काय भोगायचं? २०२४ मध्ये उत्तरेने उलट कचऱ्याचे फुगे पाठवले.

वैनगंगाताई, तुमच्याशीही मी अर्धाच सहमत आहे. १९८३ मध्ये दक्षिणेतल्या केबीएस वाहिनीने १९५०-५३ च्या कोरियन युद्धात ताटातूट झालेल्यांसाठी कार्यक्रम सुरू केला, तो १३८ दिवस चालला. सोलमध्ये वाहिनीच्या इमारतीच्या भिंती हाताने लिहिलेल्या कागदांनी भरून गेल्या: नाव, गाव, अंगावरची खूण. दहा हजारांवर कुटुंबं एकत्र आली, आणि ती बहुतेक दक्षिणेतच राहत होती! तीस वर्षं एकाच देशात, आणि एकमेकांचा पत्ता नाही. तिथे लोकांनीच लोकांना शोधलं. पण उत्तरेतल्या भावाला भेटायचं तर दोन्ही सरकारांचा होकार लागतो. उत्तरेतल्या कुमगांग पर्वतावर अशा कुटुंबांची शेवटची भेट झाली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. निघताना बसच्या काचेला आतून एक तळवा, बाहेरून एक. भेटीसाठी नाव नोंदवलेल्या १ लाख ३० हजारांवर लोकांपैकी निम्म्याहून जास्त वाट बघत वारले. तिथे कुठल्या संस्थेचं काय चाललं?

कोल्हापूरकर_७२
आपल्याकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात १९५३-५४ मध्ये भारतीय तुकडी घेऊन तिथे कोरियन युद्धातल्या कैद्यांची राखण करत होते. त्यातल्या काही कैद्यांनी उत्तर नको, दक्षिणही नको म्हणून भारताची वाट धरली. आता २०२३ च्या अखेरीपासून किम जोंग-उन दक्षिणेला शत्रुराष्ट्रच म्हणताहेत. मग कोश कुणाबरोबर करायचा?

वैनगंगा
उत्तरेतून आलेले ३० हजारांवर लोक आज दक्षिणेत आहेत. तोंड उघडलं की हेल ओळखू येतो, म्हणून कितीतरी जण तो लपवतात. कोशाचं काम त्यांच्यापासून सुरू करा. त्याला कुठल्याच किमची परवानगी लागत नाही.

कातळकडा
हे मात्र मान्य. फक्त त्या कोशात 'छावणी' हा शब्दही त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच अर्थाने घ्या.