सोनं खाली बसतच नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, १२ ग्रॅम भंगार सोनं ॲक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण) विरघळवलं, सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका गाळून काढला आणि सोनं खाली बसवायला सोडियम मेटाबायसल्फाइटची पावडर टाकली तर नुसता फेस आणि लालसर धूर, जरा तपकिरी दिसलं तेही ढवळल्यावर गायब! सोनं आहे का ते तपासायच्या स्टॅनस क्लोराइडच्या थेंबाने अजून गडद जांभळं होतंय, म्हणजे सोनं द्रावणातच आहे. नायट्रिक जास्त झालंय बहुतेक, घाईत अंदाजानेच ओतलेलं (चूक माझीच). आता उरलेलं नायट्रिक घालवायला सल्फॅमिक ॲसिड टाकून गरम करू की हळूहळू आटवून हायड्रोक्लोरिक घालत बसू? सल्फॅमिकचा फेस थांबला की नायट्रिक संपलं असं धरायचं का? मेटाबायसल्फाइटचा डबाही बरेच दिवस उघडा होता, वास अगदीच मंद येतो, बदलूनच टाकू का? सगळं उघड्यावर करतोय.