प्रश्न फक्त आत्मविश्वासाचा नाही

"मुलांनी स्वतःवर विश्वास ठेवला की झालं," असं अभ्यासातल्या यशाबद्दल नेहमी म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. समोरचा आपल्याला कसं जोखणार, याबद्दलची समजूतही तितकीच काम करते.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. 2004 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. जात कुणी उच्चारली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी सारखीच कोडी सोडवली. पण सगळ्यांसमोर नाव, गाव, वडिलांचं-आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली, की दलित मुलांची सुटलेली कोडी एकदम कमी झाली. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. बक्षीस कुणाला ते चिठ्ठी टाकून ठरणार म्हटल्यावर ती दरी मिटली! म्हणजे मुलांना कोडी येत होती. माणूस आपल्याला न्याय देईल, हा भरवसा नव्हता. मग जीव तोडून मेहनत का करायची, हा त्यांचा हिशेब चुकीचा कसा म्हणू?

मी शिक्षिका आहे. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना मीही भर वर्गात "जात सांग" म्हणत असे. एकदा एक चुणचुणीत मुलगा उठला, बाकाची कड घट्ट धरली आणि इतक्या हळू बोलला की मी पुन्हा विचारलं. त्या दिवशी गणिताच्या तासाला त्याचा हात एकदाही वर आला नाही. आता मी एकेकाला बाजूला बोलावून फॉर्म भरते.