मदत हवी आहे: प्रोलॉग या प्रोग्रॅमिंग भाषेत फाइलमधून अख्खं अक्षर कसं वाचायचं?

एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये मराठी मजकुराची फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंग देऊन उघडली आहे. एकेक वर्ण वाचणारं 'गेट_चार' मात्र 'कि'चे दोन तुकडे देतं: आधी 'क', मग वेलांटी. 'क्ष'चे तर तीन! मला पूर्ण जोडाक्षर एकत्र हवंय, म्हणून 'पीक_चार'ने (हे पुढचा वर्ण न उचलता नुसता दाखवतं) पुढे मात्रा किंवा हलन्त आहे का ते बघून जोडत जातो. चालतं, पण पुढचा नियम फसून बॅकट्रॅक झालं (म्हणजे प्रोलॉग मागे जाऊन दुसरा पर्याय बघू लागलं) की वाचलेलं अक्षर स्ट्रीममध्ये परत जात नाही (गेट_चारचा स्वभावच तो). त्यापेक्षा 'फ्रेज_फ्रॉम_फाइल' वापरून डीसीजी (प्रोलॉगमधले व्याकरणासारखे नियम) लिहावी का? 'फ्रेज_फ्रॉम_फाइल' फाइलमधल्या वर्णांची यादी लागेल तशी वाचते, पण मोठ्या फाइलला मेमरी पुरते का? आणि 'एंड_ऑफ_फाइल' (फाइल संपल्याची खूण) पीक करतानाच तपासता की नंतर? कोणी केलं असेल तर चार ओळींचा कोड टाका ना.