पश्मीचं पिल्लू कोथरूडच्या फ्लॅटमध्ये येणार आहे, काय तयारी करू?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझे सासरे अहमदपूरकडचे. जानवळला त्यांच्या ओळखीत एक पश्मी, म्हणजे कारवानी या शिकारी जातीतली झालरवाली, कुत्री व्यायली आहे आणि त्यातली एक मादी आमच्यासाठी राखून ठेवली आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे, मुलगी दुसरीत. घरात आजवर कासवसुद्धा पाळलेलं नाही.

फोटोत आई फार देखणी दिसते. पाठ धनुकलीसारखी, कानांना आणि शेपटीला रेशमी झालर. पिल्लू मात्र अगदी गावठी दिसतंय, कानांवर जराशी लव, बस्स. हे पश्मीच आहे ना? एवढ्या केसांना पुण्याचा उन्हाळा झेपेल का, एप्रिलात भादरून घ्यावे का? सासरे म्हणतात, "भाकरी-दूध घाला, काही होत नाही." आणि पाच आठवड्यांची झाली की न्या, दूध सुटतंय, असा तिकडून निरोप आहे.

टिंग्या

शेजाऱ्यांकडे मांजर आहे का? गंमत नाही करत, आधी ते बघा.

औसेकर

ताई, आमच्याकडं आजोबांपासून कारवानी कुत्री आहेत. बहुतेक आखूड केसांची, पश्मी अधूनमधून. सध्याची हरणी पश्मी आहे, शेतावरच असते. त्या जोरावर सांगतो.

पाच आठवड्यांचं पिल्लू आणू नका. गावाकडं दूध सुटलं की देऊन टाकायची पद्धत आहे, पण केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कायदा राहू द्या बाजूला, पण किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो हे पिल्लू भावंडांत शिकतं. ते तिथं शिकलं नाही तर तुमच्या मुलीच्या हातावर शिकेल. सासऱ्यांनाच मध्ये घाला, त्यांचा शब्द मोडणार नाहीत. तोवर तिथंच जंताचं औषध आणि पहिली लस होऊ द्या. पुढचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. डोस पुरे होईपर्यंत सोसायटीच्या मातीत सोडू नका, पार्व्हो या विषाणूच्या रोगानं पिल्लू बघता बघता जातं. पण म्हणून घरात कोंडूही नका. कडेवर घेऊन रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं दाखवा. ही जात मुळातच अनोळखी माणसाशी अंतर ठेवून वागते, त्या वयात काही पाहिलं नाही तर पुढं जड जातं.

आता केस. खरं सांगू का, तो सगळ्यात किरकोळ विषय आहे. अंगावरचे केस आखूडच असतात, लांब असते ती कान, शेपटी, मांड्यांची मागची बाजू आणि पायांची झालर. ती यायला वेळ लागतो, त्यामुळं पिल्लू गावठी दिसतं यात काही नवल नाही. कानांवर लव आहे म्हणताय तर लक्षण चांगलं आहे. भादरू नका. झालर कापून अंगाला गारवा येत नाही. रुंद दातांचा स्टीलचा कंगवा घ्या आणि केस नसतानाच फिरवायची सवय लावा, कानामागं गुंता लवकर होतो. खाताना कान भांड्यात बुडतात, मग तेच कान तुमच्या सोफ्यावर. जुन्या मोज्याचा पंजा कापायचा, उरलेली नळी डोक्यावरून ओढून कान आत घ्यायचे, घास संपला की काढायची. आमची हरणी मोजा दिसला की स्वतःच मान पुढं करते.

केसांचा खरा वैरी कुसळ. पावसाळा संपून गवत वाळलं की बोटांच्या बेचक्यातल्या केसांना कुसळ चिकटतं, कातडीत शिरतं आणि पुढं पुढंच सरकतं, मागं येत नाही. मग सूज, पू, चिरफाड. टेकडीवरून आलात की चारी पंजे उलटे करून बेचक्या चाचपायच्या, कानांत बघायचं. गोचीड त्याच वेळी सापडतात.

यापेक्षा मोठी तयारी दोरीची. हे कुत्रं हुंगून माग काढणारं नाही, डोळ्यांनी शिकार करणारं आहे. लांब काहीतरी हललं की निघालं. लोक सांगतील, नीट शिकवलं की हाकेला येतं. येतं ना! घरात येतं, गच्चीवर येतं. समोरून ससा उठल्यावर येत नाही, आणि तुम्ही दुसरी हाक मारेपर्यंत ते रस्त्यापलीकडं असतं. तुमच्या जवळ वेताळ टेकडी आहे, तिथं मोर आहेत. मोकळं सोडायचा विचारही नको. पट्टा साधा चालत नाही, यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, मागं सरकलं की पट्टा हातात आणि कुत्रं पसार. ओढलं की बेतानं आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा मिळतो, तोच घ्या.

खाण्याचं म्हणाल तर सासऱ्यांची भाकरी चालेल, नुसती भाकरी नाही चालणार. वाढत्या पिल्लाला अंडी, कोंबडी लागते. शहरात आहात तर मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य सोपं पडेल. दूध जास्त झालं की हगवण. आणि दुकानदार हमखास कॅल्शियमची बाटली गळ्यात मारतो, ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. तयार खाद्यात कॅल्शियम असतंच, वरून जादा गेलं तर मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं बिघडतात. मोठी झाल्यावर बरगड्या दिसतील, कमरेची हाडं दिसतील, लिफ्टमधल्या काकू विचारतील "खायला घालत नाही का गं?" हसून सोडून द्या. लॅब्राडोरसारखी गुबगुबीत केलीत तर पायांचं वाटोळं.

मीरा_दुबई

आमचा सालुकी, म्हणजे अरबांकडचं शिकारी कुत्रं, पश्मीचा चुलतभाऊच म्हणा ना. इथे गुळगुळीत केसांच्या सालुकीला हस म्हणतात आणि झालरवाल्याला अरियाश. आमचा अरियाश. इतक्या उन्हातसुद्धा केसांनी कधी त्रास दिला नाही, त्रास फुटपाथचा. हाताची पालथी बाजू जमिनीवर टेकवायची, नाही ठेववली तर फिरणं रद्द. उन्हाळ्यात आम्ही उजाडायच्या आत परत आलेलो असतो.

डॉक्टरांच्या बाबतीत एक सांगते. या लांबट, चरबी नसलेल्या कुत्र्यांना भूल जपून द्यावी लागते, थायोपेंटोनसारख्या औषधातून ती फार उशिरा बाहेर येतात. नसबंदीच्या आधी हे स्वतःहून विचारा. रक्ततपासणीत थायरॉईड, म्हणजे टी-फोर, कमी दिसतं. सालुकी, ग्रेहाउंड वगैरे जातींत ते मुळातच कमी असतं, तेवढ्यावरून गोळ्या सुरू करू नका. अंगावर मांस नाही म्हणून फरशीवर कोपरांना घट्टे पडतात, जाड गादी लागेल. गादी तुम्ही आणाल आणि कुत्री तुमच्या पलंगावरच झोपेल, हा भाग वेगळा.

ओरडू नका मात्र. आमच्याकडे एकदा टीव्हीवरच्या क्रिकेटवरून नवरा ओरडला, तर हा रात्रभर न्हाणीघरात जाऊन बसला.

मृण्मयी_कोथरूड

बापरे, कॅल्शियमची बाटली आणून ठेवली आहे, परत करते. आठ आठवड्यांचं सासऱ्यांशी बोलले, ते आधी जरा घुश्श्यात होते, पण फोन लावला त्यांनी.

आता नवऱ्याचा प्रश्न. संक्रांतीला गावी जाऊ तेव्हा शेतात मोकळी सोडली तर चालेल ना? तिथे रहदारी नाही. सासरे म्हणतात ससा धरून दाखवेल.

औसेकर

सशाचं नाव काढू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ससा येतो, कुत्र्यानं धरला तरी गुन्हा तुमच्यावर. जुन्या माणसांना हे पटत नाही, आमच्याकडंही वाद होतात.

आणि संक्रांतीला तर मुळीच नको. तेव्हा तूर निघालेली असते, रानात धसकटं उभी असतात, भाल्याच्या टोकाची. भरधाव कुत्रं त्यावरून गेलं की छातीपासून मांडीपर्यंत कातडी उसवते, यांची कातडी पातळ फार. बांधाला काटेरी तार, विहिरीला कठडा नाही. रहदारीचं काय घेऊन बसलात.

पळवायचीच तर भिंत घातलेली जागा बघा, एखाद्या शाळेचं मैदान सुट्टीत मिळतं, फाटक लावून. भिंत सहा फूट तरी हवी. पहिल्या वर्षात तीही आपल्या मर्जीनं जेवढी पळेल तेवढीच, गाडीमागं पळवायची नाही. खाल्ल्यावर लगेच तर नाहीच, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो आणि तास-दोन तासांत दवाखाना गाठावा लागतो. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आताच शोधून नंबर फ्रिजवर लावा. महापालिकेचा परवानाही लागतो, रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवा.

पट्टा आताच ऑनलाइन मागवू नका, मान महिन्या-महिन्याला वाढते. जानवळला जाल तेव्हा आईला हात लावून बघा, कशी वागते ते कळेल. जमलं तर ती निजते त्या गोणपाटाचा तुकडा मागून घ्या, गाडीत पिल्लाखाली घालायला.