मार्क पाचच्या किटमधून भारतीय स्पिटफायर साधेल का?

प्रश्न – कागदीविमान
माझ्याकडे सुपरमरीन स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क पाच आवृत्तीचे, १/७२ मापाच्या प्रतिकृतीचे किट पडून आहे. त्यातून रॉयल इंडियन एअर फोर्सच्या आठव्या स्क्वॉड्रनचे, १९४५ मधले ब्रह्मदेश आघाडीवरचे विमान करावे, असा विचार आहे. हे स्क्वॉड्रन मार्क आठ उडवत होते याची मला कल्पना आहे. परंतु पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर भरणाऱ्या प्रतिकृतीत तो फरक कितपत जाणवेल? शिवाय किटसोबतच्या डिकल्समधल्या (चिकटवायच्या चित्रांमधल्या) ओळखचिन्हाच्या वर्तुळांच्या मध्यभागी लाल ठिपका आहे. तो निळ्या रंगाने झाकल्यास चालेल काय?

रंधा
फरक चांगलाच जाणवेल. मार्क आठच्या मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) होता, त्यामुळे नाक लांबले, नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) तीनऐवजी चार पात्यांचा झाला आणि थंडाव्याची गरज वाढल्याने दोन्ही पंखांखाली सारख्याच आकाराचे चौकोनी रेडिएटर आले. मार्क पाच उलटे करून पाहा: उजव्या पंखाखाली रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली फक्त ऑइल कूलरची अरुंद नळी दिसेल. मार्क आठचे शेपटीचे चाकही आत ओढले जात असे, म्हणजे तिथे झडपा हव्यात. एवढे सगळे कापून-जोडून करण्यापेक्षा मार्क आठचे किट घेणे शहाणपणाचे. दिल्लीतल्या पालमच्या वायुसेना संग्रहालयात एनएच ६३१ क्रमांकाचे मार्क आठ आहे. आकारासाठी त्याची छायाचित्रे जरूर पाहा, मात्र संग्रहालयातल्या विमानाचा रंग हा युद्धकाळाचा पुरावा मानू नये.

पितळीस्क्रू
रंधा यांच्याशी सहमत आहे, पण हातचे किट वाया घालवू नका. १९४३ च्या अखेरीस ब्रिटिश हवाई दलाची मार्क पाच विमाने बंगालमध्ये आली होती. ती ‘सी’ प्रकारच्या (बंदुका-तोफांच्या मांडणीवरून ठरणाऱ्या) पंखांची होती आणि त्यांच्या नाकाखाली धुळीसाठीचा व्होक्स फिल्टर होता. तुमच्या किटमध्ये हे दोन्ही भाग आहेत का, ते स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) पाहून ठरवा.

लाल ठिपका जपानी विमानांच्या तांबड्या गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणूनच या आघाडीवर काढला गेला. त्याच्या जागी फिकट निळा आला, बाहेर गडद निळा राहिला, आणि पिवळी कडही गेली. त्यामुळे नुसता ठिपका झाकून भागणार नाही. पांढऱ्यात थोडा गडद निळा मिसळून, मास्क (रंग अडवणारा साचा) कापून वर्तुळे सरळ रंगवावीत. डिकलवर ब्रश फिरवला की कड उठून दिसते.

दर्यावर्दी
एक व्यावहारिक सूचना. डिकल्स लावणारच असाल तर त्याआधी ग्लॉस वार्निशचा हात द्या. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चांदीसारखा चमकू लागतो. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात लॅकर फवारला, तर दमट हवेमुळे त्यावर पांढरट झाक चढते. त्या दिवसांत मी फक्त घासकाम आणि पुट्टी उरकतो.

कागदीविमान
सर्वांचे आभार. स्प्रू तपासले, पंख ‘बी’ प्रकारचे आहेत आणि व्होक्स फिल्टर नाही, तेव्हा हे किट इंग्लंडमधल्या विमानासाठी ठेवतो आणि आठव्या स्क्वॉड्रनसाठी मार्क आठ मागवतो. त्या विमानांच्या पंखांवर आणि शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टे होते, असे वाचले आहे. त्यांची रुंदी कोणाला खात्रीने ठाऊक असल्यास कृपया कळवावे.