मदत हवी आहे: ग्लुटेन बंद करूनही टीटीजी खाली येत नाहीये

मुलीला सीलिअ‍ॅक आहे. या आजारात ग्लुटेन (गहू, बार्ली, राय यांतलं प्रथिन) पोटात गेलं की आतड्याला इजा होते. म्हणून तिचं हे सगळं बंद केलंय, तरी रक्तातलं टीटीजी (या आजारात वाढणारी अँटिबॉडी) हवं तेवढं उतरत नाहीये. डॉक्टर म्हणतात, कुठूनतरी थोडं थोडं ग्लुटेन पोटात जातंय. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ (म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही) असेल तरच आणते. त्यामुळे आता संशय स्वयंपाकघरावरच. बाकीच्यांसाठी गव्हाचं पीठ चाळलं की ओट्यावर बारीक थर बसतो, आणि चाळणीच्या जाळीत अडकलेलं तर घासूनही निघत नाही. तिची चाळणी, लाकडी चमचे, टोस्टर वेगळे केले तर पुरेल, की घरातून गहूच काढून टाकावा? माझं मन दुसऱ्याकडे झुकतंय. ओट्सही सध्या थांबवलेत. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी नक्की काय केलं? प्लीज सांगा, फार काळजी लागलीये.